बातमी लंडनमध्ये, जहाजे समुद्रात

३१ मे १९१६ रोजी दुपारी ब्रिटिश नौदलाच्या लंडनमधील मुख्यालयातून, म्हणजे ॲडमिरल्टीतून, उत्तर समुद्रात निघालेल्या ॲडमिरल जेलिको यांना एक बिनतारी संदेश गेला. जर्मन सेनापतीची ध्वजनौका सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी याडे खाडीत, म्हणजे आपल्या तळावरच होती, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात जर्मन ॲडमिरल शेअर आपले सारे आरमार घेऊन त्या दिवशी पहाटेच बाहेर पडले होते. शत्रू बंदरातच आहे अशा समजुतीने जेलिको इंधन राखत सावकाश पुढे सरकत राहिले, आणि साधारण चार तासांनी त्यांच्या आघाडीच्या जहाजांना तेच आरमार समोर दिसले. जटलंडची लढाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रामाची सुरुवात अशी एका चुकीच्या बातमीने झाली.

ही चूक जर्मन सांकेतिक भाषा उलगडणाऱ्यांची मात्र नव्हती. ॲडमिरल्टीच्या जुन्या इमारतीतील ४० क्रमांकाच्या खोलीत बसणाऱ्या मंडळींकडे जर्मन नौदलाची संकेतपुस्तके होती. त्यांपैकी एक १९१४ साली बाल्टिक समुद्रात खडकावर चढलेल्या माग्डेबुर्ग या जर्मन क्रूझरवर रशियनांना सापडले होते आणि त्यांनी ते ब्रिटिशांच्या हवाली केले होते. शेअर समुद्रावर निघताना 'डीके' ही आपली नेहमीची बिनतारी ओळखखूण बंदरातल्या केंद्राकडे सोपवतात आणि स्वतः दुसरी वापरतात, हेही या मंडळींना ठाऊक होते. परंतु मोहिमा विभागाचे प्रमुख कॅप्टन टॉमस जॅक्सन त्या दिवशी खोलीत आले आणि त्यांनी 'डीके' कोठे आहे एवढेच विचारले. याडेत आहे, असे उत्तर मिळाले. ते उत्तर शब्दशः बरोबर होते. जॅक्सन ते घेऊन निघून गेले, त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला आणि तोच अर्थ जेलिकोंना कळवला गेला. आपण हे कशासाठी विचारत आहोत हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि ते उलट विचारण्याचा रिवाज त्या खोलीत नव्हता. तिथले बहुतेक लोक मुलकी पेशातून आलेले होते, आणि कागद उलगडावा, भाषांतर करावे व पुढे द्यावा, एवढेच त्यांचे काम आहे असे गणवेशधारी अधिकारी मानत असत.

रात्री याहून वाईट घडले. अंधारात शेअर कोणत्या वाटेने घरी परततील हा जेलिकोंपुढे प्रश्न होता आणि वाटा अनेक होत्या. रात्री पावणेअकराच्या सुमारास ॲडमिरल्टीने जर्मन आरमाराची दिशा व वेग कळवला. नकाशावर ती रेघ ओढली असती, तर ती डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळच्या हॉर्न्स रीफकडे जात होती. जेलिकोंनी त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण दुपारच्या बातमीचा अनुभव ताजा होता. त्यांची खात्री पटवू शकेल असा एक कागद लंडनमध्ये त्याआधीच उलगडून तयार होता: शेअर यांनी पहाटे हॉर्न्स रीफवर टेहळणीसाठी हवाई जहाजे मागितली होती. हा कागद जेलिकोंकडे कधीच गेला नाही. उजाडेपर्यंत जर्मन आरमार त्याच वाटेने निसटले. त्या लढाईत ब्रिटिशांची १४ आणि जर्मनांची ११ जहाजे बुडाली, आणि ज्या पहाटेच्या लढाईची जेलिकोंनी तयारी ठेवली होती ती झालीच नाही.

सैन्यात महत्त्वाची माहिती कशी पोहोचते असे विचारले, की आपल्या डोळ्यांसमोर तारा, रेडिओ, उपग्रह अशी साधने येतात. जटलंडच्या दिवशी साधने व्यवस्थित चालू होती. संदेश पकडला जात होता, उलगडला जात होता आणि समुद्रावर पाठवलाही जात होता. अडचण होती ती बातमीसोबत जे जे जायला हवे त्याची. सेनापतीला केवळ 'काय घडले' हे पुरत नाही. ते कितपत खात्रीचे आहे, किती वेळापूर्वीचे आहे, त्यावर कोणी काय करायचे आहे, आणि निर्णय कळवणाऱ्याने घेतला आहे की तो ऐकणाऱ्यावर सोपवला आहे, हे सगळे त्याच चार ओळींतून समजावे लागते. शिवाय बातमी कशी मिळाली हे शत्रूला कळता कामा नये, म्हणून ती शक्य तितक्या थोड्या लोकांना सांगावी लागते. आणि ज्याला ती नेमकी लागणार आहे तो त्या थोड्यांत असतोच असे नाही. या ओढाताणीतून प्रत्येक सैन्याने आपापली पद्धत घडवली. ब्रिटिश नौदलाची पद्धत इथे सविस्तर पाहण्याचे कारण असे, की तिच्या चुका आणि सुधारणा दोन्ही तपशीलवार नोंदल्या गेल्या आहेत.

एका टेबलावर सगळे कागद

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ४० क्रमांकाच्या खोलीची जबाबदारी सांभाळलेले विल्यम जेम्स १९३६ साली नौदलाच्या उपप्रमुखांच्या पदावर होते. पुढचे युद्ध आले, तर जटलंडचा प्रकार पुन्हा घडू नये यासाठी त्यांनी एक स्वतंत्र केंद्र उभारण्यास सांगितले. हे काम १९३७ साली नॉर्मन डेनिंग या हिशेबखात्यातून आलेल्या तरुण अधिकाऱ्याकडे आले. या केंद्राला मोहीम गुप्तवार्ता केंद्र म्हणता येईल. उलगडलेले संदेश, बिनतारी दिशाशोधक केंद्रांची निरीक्षणे, विमानांनी काढलेली छायाचित्रे, हेरांच्या बातम्या, व्यापारी जहाजांनी पाहिलेल्या गोष्टी, असे सारे एकाच ठिकाणी यावे, तिथे त्याचा एकत्र अर्थ लावला जावा, आणि ज्यांनी अर्थ लावला त्यांनीच तो समुद्रावर कळवावा, ही त्यामागची कल्पना होती. १९१६ मध्ये हेच नेमके वर्ज्य होते. तेव्हा उलगडणारे एकीकडे, अर्थ लावणारे दुसरीकडे आणि कळवणारे तिसरीकडे बसत होते.

केंद्र स्थापन झाल्याने सवयी लगेच बदलल्या नाहीत. १९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या सुरुवातीस ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत उलगडण्याच्या केंद्रात बसलेल्या हॅरी हिन्स्ली या एकवीस वर्षांच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्याला जर्मन नौदलाच्या बिनतारी वर्दळीत काही वेगळे जाणवले. त्या वेळी जर्मन नौदलाचे संदेश नियमितपणे वाचता येत नव्हते. मजकूर कळत नसला, तरी कोणते केंद्र कोणाशी, किती वेळा व कोणत्या लहरीवर बोलते यावरून बरेच ताडता येते. मोठ्या युद्धनौका बाल्टिकमधून नॉर्वेच्या दिशेने निघाल्या असाव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याने थेट टेलिफोनवरून मोहीम गुप्तवार्ता केंद्राला तसे वारंवार सांगितले. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी ते ऐकून घेतले, पण एका मुलकी तरुणाच्या अंदाजावर आरमाराला इशारा देण्यास वरिष्ठ तयार झाले नाहीत. ८ जून रोजी ग्लोरियस ही विमानवाहू नौका आणि तिच्या सोबतच्या आर्डेंट व अकास्टा या विनाशिका शार्नहोर्स्ट व ग्नायझेनाव या जर्मन युद्धनौकांच्या तावडीत सापडल्या. तिन्ही बुडाल्या आणि १,५०० हून अधिक माणसे गेली.

त्यानंतर केलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. नवी यंत्रे मागवण्याआधी माणसांची गाठ घालून दिली गेली. हिन्स्लीला ॲडमिरल्टीत बोलावण्यात आले, पुढे स्कापा फ्लो येथे आरमारातही पाठवण्यात आले, आणि फोनवरचा आवाज कोणाचा आहे व तो कशावरून बोलतो हे ऐकणाऱ्यांना समजले. एखाद्या सूत्राच्या बातमीवर किती भरवसा ठेवायचा हे नियमावलीत लिहून ठेवता येत नाही. पुढच्याच वर्षी बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका दृष्टीआड झाली असताना ती फ्रान्सकडे वळली आहे, हे सांगणाऱ्यांत हिन्स्ली होता, आणि या वेळी त्याचे म्हणणे गांभीर्याने घेतले गेले.

पाणबुड्यांचा माग ठेवणारी खोली याच केंद्रात होती. १९४१ च्या आरंभापासून तिचे प्रमुख रॉजर विन होते. ते व्यवसायाने बॅरिस्टर होते आणि लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या शरीरात कायमचे व्यंग राहिले होते. शांततेच्या काळात अशा माणसाला नौदलाने दारातही उभे केले नसते. मोठ्या टेबलावर अटलांटिकचा नकाशा मांडलेला असे आणि प्रत्येक जर्मन पाणबुडी आज कोठे असावी याच्या खुणा त्यावर लावल्या जात. संदेश उलगडला गेला तर खूण पक्की होई. तो उलगडला नाही, तर पाणबुडीचा वेग, इंधन आणि आधीच्या सवयी यांवरून अंदाज केला जाई. चूक सिद्ध होईपर्यंत त्या अंदाजालाच खरे धरून व्यापारी ताफ्यांचे मार्ग वळवावेत, असा विन यांचा आग्रह होता. शंभर टक्के खात्रीची वाट पाहिली, तर ताफा तोवर पाणबुड्यांच्या रांगेत शिरलेला असेल, हे त्यामागचे साधे गणित होते. फेब्रुवारी १९४२ पासून जर्मन पाणबुड्यांनी एनिग्मा या संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्रात चौथे चक्र वापरण्यास सुरुवात केली आणि त्यांचे संदेश जवळपास दहा महिने वाचता आले नाहीत. त्या काळातही ही खोली चालू राहिली, ती या अंदाजांच्या बळावर.

वापरावी, पण दिसू नये

नौदलाचे मुख्यालय स्वतःच समुद्रावर हुकूम पाठवत असल्यामुळे ब्लेचलीकडून उलगडलेला पूर्ण मजकूर टेलिप्रिंटरने ॲडमिरल्टीला जाई आणि पुढे काय सांगायचे ते तिथे ठरे. भूदल व वायुदलाची गोष्ट निराळी होती. त्यांचे सेनापती कैरोत, माल्टात, पुढे इटलीत आणि फ्रान्समध्ये होते, आणि त्यांच्यापर्यंत ही अतिगुप्त माहिती नेण्यासाठी फ्रेडरिक विंटरबॉथम या वायुदलातील अधिकाऱ्याने खास संपर्क तुकड्या उभारल्या. प्रत्येक मोठ्या सेनापतीच्या मुख्यालयाला अशी एक छोटी तुकडी जोडलेली असे. तिचे स्वतःचे बिनतारी यंत्र व स्वतःची सांकेतिक साधने असत, आणि ती त्या मुख्यालयाच्या नेहमीच्या संदेश विभागाच्या हाताखाली नसे. संदेश आला की तुकडीतील अधिकारी तो घेऊन यादीत नाव असलेल्या माणसाकडेच जाई, वाचून होईपर्यंत थांबे, कागद परत घेई आणि नंतर तो नष्ट केला जाई. यादीतल्या माणसाने ते आपल्या हाताखालच्यांना जसेच्या तसे कळवायचे नाही, आणि शत्रूच्या हाती सापडण्याचा धोका असेल अशा ठिकाणी स्वतः जायचे नाही, असे नियम होते.

ब्लेचलीत हे संदेश तयार करण्याचे काम तीन क्रमांकाच्या झोपडीत चाले. झोपडी म्हणजे लाकडी बैठी इमारत. नाव मात्र पुढे काँक्रीटच्या इमारतीत गेल्यावरही तेच राहिले. तिथली काटेकोर शिस्त मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मूळ जर्मन वाक्यरचना तशीच न ठेवता मजकूर नव्याने मांडला जाई, म्हणजे संदेश पकडला गेला तरी तो कोणत्या जर्मन संदेशावरून आला हे जुळवता येऊ नये. बिनतारी ऐकताना अक्षरे गळत; गळालेला शब्द अनुमानाने भरला असेल, तर ते अनुमान किती बळकट आहे हे ठरलेल्या शब्दांनी नोंदले जाई, आणि बळकट, मध्यम, क्षीण अशा त्याच्या पायऱ्या होत्या. ब्लेचलीच्या जाणकारांचे स्वतःचे मत असेल तर ते टिप्पणी म्हणून वेगळे लिहिले जाई, मूळ मजकुरात मिसळले जात नसे. संदेशाची निकड दाखवण्यासाठी एक ते पाच 'झेड' लावले जात, आणि पाच 'झेड' लागलेला संदेश इतर सगळे बाजूला सारून पुढे जाई. वाचणाऱ्याला शत्रूचे शब्द कोणते, भरलेली जागा कोणती आणि आपल्या माणसाचे मत कोणते हे एका नजरेत कळे. जॅक्सन यांच्या 'डीके'ची गोष्ट आठवली, तर या शिस्तीचे मोल ध्यानात येईल.

बातमी लपवण्याचा दुसरा भाग कृतीचा होता. जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्यासाठी उत्तर आफ्रिकेकडे रसद नेणारी जहाजे कोणत्या दिवशी व कोणत्या मार्गाने निघणार, हे उलगडलेल्या संदेशांतून बरेचदा आधीच समजे. तरीही हल्ला करण्यापूर्वी त्या जागेवर एक टेहळणी विमान पाठवले जाई आणि ते जहाजावरच्या लोकांना दिसेल अशी काळजी घेतली जाई. शत्रूने आपल्या नाशाचे कारण त्या विमानात शोधावे, यासाठी हा खटाटोप होता.

या नियमाची किंमत किती पडते यावर वाद आहे आणि तो बहुतेक वेळा क्रीट बेटापाशी येऊन थांबतो. मे १९४१ मध्ये विमानांतून सैनिक उतरवून करायच्या जर्मन हल्ल्याची योजना तेथील सेनापती जनरल फ्रायबर्ग यांना आधीच कळवण्यात आली होती. तरीही २० मे रोजी हल्ला झाल्यावर मालेमे येथील विमानतळ गेला आणि त्यापाठोपाठ बेटही गेले. स्वतंत्र पुष्टी मिळाल्याशिवाय या माहितीवर हालचाल करायची नाही या बंधनामुळे त्यांना विमानतळाजवळचे सैन्य वाढवता आले नाही, असे त्यांच्या मुलाने पुढे मांडले. उलट पक्षाचे म्हणणे असे, की फ्रायबर्ग यांनी संदेशांतील समुद्रमार्गे येणाऱ्या तुकड्यांच्या उल्लेखाला अवास्तव महत्त्व दिले आणि किनाऱ्याकडे पाहत राहिले. मला दुसरे मत अधिक पटते. मात्र दोन्ही मते एकत्र वाचली की एक गोष्ट उघड होते: ज्याला कोणाशी चर्चा करण्याची परवानगी नाही असा एकटा वाचणारा चुकीचा अर्थ काढू लागला, तर त्याला अडवायला कोणी नसते.

पाकिटावर नसलेला शेरा

गुप्तता इतकी आवळली, की बातमी लागणारा माणूसच यादीबाहेर राहतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. १९४१ साली जपानी परराष्ट्र खात्याचे सांकेतिक संदेश वॉशिंग्टनमध्ये वाचले जात होते. नौदलाचे क्रेमर आणि भूदलाचे ब्रॅटन हे अधिकारी कुलूपबंद थैलीतून ते कागद राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, दोन्ही सेनाप्रमुख आणि मोजक्या मंत्र्यांकडे नेत, वाचून झाल्यावर परत घेत. प्रती ठेवायच्या नव्हत्या, म्हणून कालचा कागद आजच्या शेजारी ठेवून पाहण्याची सोय वाचणाऱ्यांपैकी कोणाकडेच नव्हती. हवाई बेटांवरील आरमाराचे प्रमुख ॲडमिरल किमेल आणि तेथील भूदलाचे प्रमुख जनरल शॉर्ट या यादीत नव्हते. पर्ल हार्बर या तेथील नाविक तळाचे पाच भाग पाडून प्रत्येकात कोणती जहाजे आहेत ते कळवा, अशी टोकियोने होनोलुलूतील आपल्या वकिलातीला सप्टेंबरमध्ये केलेली विचारणा ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला वाचता आली. ज्यांची जहाजे मोजली जात होती त्यांना ती कळवली गेली नाही.

७ डिसेंबरच्या सकाळी, जपान वॉशिंग्टनच्या वेळेने दुपारी एक वाजता आपले अंतिम उत्तर देणार आहे, हे समजल्यावर भूदलप्रमुख जनरल मार्शल यांनी सावधगिरीचा संदेश लिहिला. टेलिफोनवर कोणी ऐकेल म्हणून तो टाळला गेला. नौदलाने आपले रेडिओ केंद्र देऊ केले होते, तेही घेतले गेले नाही. भूदलाचा होनोलुलूशी असलेला रेडिओ संपर्क हवामानामुळे बंद होता, म्हणून संदेश व्यापारी तार कंपन्यांमार्फत गेला. तो होनोलुलूत तेथील वेळेने सकाळी ७ वाजून ३३ मिनिटांनी पोहोचला, पण पाकिटावर तातडीचा कोणताही शेरा नव्हता. ७ वाजून ५५ मिनिटांनी बॉम्ब पडू लागले. तारवाला मोटारसायकलवरून वाट काढत फोर्ट शाफ्टर येथील कार्यालयात पोहोचला तेव्हा पावणेबारा झाले होते, आणि उलगडून जनरल शॉर्ट यांच्या हाती देईपर्यंत दुपार उलटली होती.

आज नाटो देशांच्या सैनिकी संदेशांवर निकडीचे चार दर्जे ठळकपणे असतात: फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी आणि रूटीन. फ्लॅश संदेश आला की खालच्या दर्जाचे संदेश मध्येच थांबवून तो आधी पाठवला जातो. संदेश लिहिला गेल्याची तारीख व वेळ ग्रीनिच वेळेत नोंदलेली असते, म्हणजे निरनिराळ्या कालविभागांतल्या लोकांना तो किती जुना आहे हे लगेच कळते. पत्त्यांचेही दोन गट असतात, एक ज्यांनी कृती करायची त्यांचा आणि दुसरा ज्यांना केवळ कळवायचे त्यांचा; आपल्याकडील सरकारी पत्राखाली 'प्रत माहितीस्तव' असे लिहितात, त्यातलाच हा प्रकार. संकटकाळात बिनमहत्त्वाचे संदेश बंद ठेवण्याचा आदेशही काढता येतो, कारण सगळेच जण तातडीचे लिहू लागले तर तातडीला काही अर्थच उरत नाही.

पंचवीस मिनिटांत तीन संदेश

निकडीचा शेरा नसल्याने काय होते हे होनोलुलूत दिसले. शेरा असल्याने काय होऊ शकते हे त्यानंतर सात महिन्यांनी आर्क्टिक समुद्रात दिसले, आणि या विषयात यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही.

रशियाला युद्धसामग्री नेणारा पीक्यू-१७ हा ताफा २७ जून १९४२ रोजी आइसलँडहून निघाला. त्यात तीसहून अधिक मालवाहू जहाजे होती. नॉर्वेच्या उत्तरेकडील आल्टाफियॉर्डमध्ये टिर्पिट्स ही प्रचंड जर्मन युद्धनौका येऊन दाखल झाली होती, आणि ती ताफ्यावर चालून आली तर सोबतच्या छोट्या जहाजांना ती रोखता येणार नव्हती. ४ जुलैच्या संध्याकाळी नौदलप्रमुख सर डडली पाउंड स्वतः डेनिंग यांच्याकडे आले. टिर्पिट्स अजून आल्टाफियॉर्डमध्येच आहे, याची हमी देता का, असा त्यांचा प्रश्न होता.

डेनिंग यांना ती अजून निघालेली नाही असे वाटत होते आणि त्यासाठी त्यांच्याकडे कारणे होती. ती निघाली असती, तर तिच्यासाठी बिनतारी संदेशांची जी गडबड झाली असती ती झाली नव्हती. आपली मोठी जहाजे येत आहेत, सावध राहा, असे जर्मन पाणबुड्यांना सांगितले गेले नव्हते. नॉर्वेच्या टोकाशी टेहळणीवर असलेल्या ब्रिटिश पाणबुड्यांनाही काही दिसले नव्हते. मात्र ही सारी 'नाही'ची साक्ष होती. जहाज बंदरात गप्प उभे असेल तर ते तिथे आहे असे सांगणारा संदेश कोणी पाठवत नाही; ते निघाले की संदेश पाठवले जातात. म्हणून ती निघाल्यावर आपल्याला कळेल असे डेनिंग सांगू शकत होते. आता ती तिथेच आहे अशी हमी देऊ शकत नव्हते. प्रश्न हमीचा विचारला गेला, आणि उत्तर नकाराचे मिळाले. १९१६ मध्ये जॅक्सन यांनी अर्थ विचारलाच नव्हता. पाउंड यांनी विचारला, तो असा की अंदाजाला त्यात जागाच उरली नाही. डेनिंग यांचे मत आरमाराला कळवले जावे असा प्रयत्न केंद्रातून झाला, पण तोवर बैठकीत निर्णय झाला होता.

रात्री ९ वाजून ११ मिनिटांनी पहिला संदेश गेला: क्रूझर नौकांनी वेगाने पश्चिमेकडे माघार घ्यावी. ९ वाजून २३ मिनिटांनी दुसरा गेला: पृष्ठभागावरील शत्रूनौकांच्या धोक्यामुळे ताफ्याने रांग मोडून आपापले रशियन बंदर गाठावे. ९ वाजून ३६ मिनिटांनी तिसरा गेला: ताफ्याने विखरावे. पहिल्या व तिसऱ्या संदेशावर सर्वोच्च तातडीचा शेरा होता, दुसऱ्यावर त्याखालच्या दर्जाचा.

लंडनमधून पाहिले तर तिसरा संदेश ही केवळ तांत्रिक दुरुस्ती होती. रांग मोडली तरी सारी जहाजे एकाच दिशेने जात राहतात आणि जवळजवळच राहतात. विखरण्याच्या हुकमाने प्रत्येक जहाज ठरलेल्या वेगळ्या दिशेला जाते. मोठ्या युद्धनौकेपासून वाचायचे तर विखरण्याचाच हुकूम हवा, हे लक्षात आल्यावर तो धाडला गेला. समुद्रावर मात्र हे वेगळे ऐकू आले. ताफ्याच्या संरक्षक जहाजांचे प्रमुख कमांडर ब्रूम आणि क्रूझर नौकांचे प्रमुख ॲडमिरल हॅमिल्टन यांच्या दृष्टीने पंचवीस मिनिटांत तीन हुकूम आले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक, आणि त्यांवर तातडीचे शेरे होते. टिर्पिट्सची डोलकाठी आता कोणत्याही क्षणी क्षितिजावर दिसणार, एवढाच त्याचा अर्थ त्यांना लावता येत होता. हा निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला, धोका प्रत्यक्ष आहे की संभाव्य, यातले काहीच त्या संदेशांत नव्हते. म्हणून ब्रूम यांनी आपल्या विनाशिका क्रूझरांच्या जोडीला नेल्या, कारण आता त्या युद्धनौकेशी झुंज होणार अशी त्यांची खात्री होती. ताफ्याजवळचे मुख्य संरक्षण अशा रीतीने निघून गेले, आणि विखुरलेली मालवाहू जहाजे पाणबुड्यांच्या व विमानांच्या हाती एकेक करून पडली. २४ जहाजे बुडाली. टिर्पिट्स दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, बाहेर पडली आणि तिच्यासाठी काही काम उरलेले नसल्यामुळे त्याच दिवशी परत फिरली.

पाउंड यांचा निर्णय चुकला यावर आज फारसे दुमत नाही. माझ्या मते ताफ्याचा घात करणारी दुसरी चूक त्या निर्णयाच्या कळवण्यात होती. अंदाज लंडनमध्ये राहिला आणि समुद्रावर फक्त हुकूम गेला. गृह आरमाराचे प्रमुख ॲडमिरल टोव्ही त्या समुद्रातच होते, आणि ताफा विखरू देऊ नये असे त्यांनी आधीच सांगितले होते. 'टिर्पिट्स निघाल्याची खूण नाही, पण ती केव्हाही निघू शकते' एवढे एक वाक्य त्यांच्याकडे व हॅमिल्टन यांच्याकडे गेले असते, तर विनाशिका ताफ्यापाशी राहिल्या असत्या असे मानायला जागा आहे.

२६ डिसेंबर १९४३ च्या पहाटे त्याच समुद्रात जेडब्ल्यू-५५बी हा ताफा रशियाकडे जात असताना शार्नहोर्स्ट बंदरातून निघाल्याचे दुवे ब्लेचलीच्या कागदांतून मिळाले. या वेळी दोन निरनिराळे संदेश गेले. आरमारप्रमुख ॲडमिरल फ्रेझर यांना अतिगुप्त वाटेने कळवले गेले की शार्नहोर्स्ट आदल्या संध्याकाळी सहाला बहुधा निघाली आहे. 'बहुधा' हा शब्द संदेशातच होता. त्यानंतर बाकीच्या जहाजांना साध्या वाटेने, सूत्राचा मागमूस न ठेवता, शार्नहोर्स्ट समुद्रावर असल्याचा ॲडमिरल्टीचा अंदाज आहे, एवढेच सांगितले गेले. ताफ्याने काय करावे याचा हुकूम लंडनहून आला नाही. ताफा उत्तरेला वळवायचा हे फ्रेझर यांनी ठरवले, आणि ॲडमिरल बर्नेट यांच्या क्रूझर नौका व ताफ्याचे संरक्षक नेमके कोठे आहेत ते कळावे म्हणून त्यांनी रेडिओ मौन मोडले. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या ड्यूक ऑफ यॉर्क नौकेची जागा शत्रूला उमगण्याचा धोका होता. पण आपल्याच जहाजांना एकमेकांची ठिकाणे ठाऊक नसणे हा त्याहून मोठा धोका आहे, असा त्यांनी हिशेब केला. सकाळी बर्नेट यांच्या क्रूझरांनी ताफ्याच्या वाटेवर शार्नहोर्स्टला गाठले, आणि संध्याकाळी ड्यूक ऑफ यॉर्कच्या तोफा व विनाशिकांचे टॉर्पेडो यांच्या माऱ्याखाली ती बुडाली. तिच्यावरील १,९०० हून अधिक खलाशांपैकी ३६ वाचले. ताफ्यातील एकही जहाज बुडाले नाही.